पान पाचशे त्रेसष्ट

आकारामशेठ मुळिकांना पहिला संशय आला तो मंगळवारी सकाळी, चहाचा दुसरा कप तोंडाला लावताना. सांगलीच्या ऋषिराज सरांचा मजकूर मोबाइलवर येऊन पडला होता. "‘आडातला काळ’ आत्ताच संपवली. सुन्न आहे. शब्द नाहीत." त्याखाली शब्द नसल्याविषयी चारएकशे शब्द होते.

शेठांनी कप खाली ठेवला. ‘आडातला काळ’ ही आठशे बारा पानांची कादंबरी. तिचा नायक पहिल्या पानावर कोरड्या आडात उतरतो आणि तिथे बसून विचार करतो. पहिलंच वाक्य सदतिसाव्या पानावर संपतं. सरांना पुस्तक शुक्रवारी मिळालं हे शेठांना ठाऊक होतं, कारण सरांनी कुरिअरच्या पाकिटासकट फोटो टाकला होता. शनिवारी सरांच्या मेव्हणीची हळद, रविवारी लग्न. त्याचेही फोटो होते. एका फोटोत सर नाचत होते.

"सोमवारच्या एका दिवसात आठशे बारा पानं," शेठ म्हणाले.

"कुणी फाडली?" मनुबाईंनी आतून विचारलं.

"फाडली न्हाईत, वाचली म्हणतोय. सांगलीचा मास्तर."

"आसंल वाचली. तुमचं काय गेलं त्यात?"

"तांबं हाय ह्यात, तांबं."

मनुबाईंनी पुढं विचारलं नाही. नवऱ्याची चौतीस वर्षं तमिळनाडूत, इरोडला गलाईच्या दुकानात गेली होती. जुनं सोनं आटवायचं, भेसळ काढायची, शुद्ध सोनं परत द्यायचं. विट्याकडची माणसं या धंद्यापायी मुलूखभर पांगली आहेत. त्या धंद्यानं शेठांना दोन गोष्टी दिल्या. भट्टीशेजारी बसून जाड पुस्तकं वाचायची सवय, आणि गिऱ्हाईक जितक्या शपथा घेतं तितकं दागिन्यात तांबं जास्त, हे ज्ञान.

दुकान मुलाच्या, यशराजच्या हाती देऊन ते विट्याला परतले, तेव्हा पहिली गोष्ट अडचणीची ठरली. गावात सोन्यावर बोलायला माणसं होती, उसावर होती, निवडणुकीवर तर न बोलावता येऊन बसत. कादंबरीवर बोलायला चिटपाखरू नव्हतं. वर्षभर शेठ भिंतीशी बोलल्यासारखे मनुबाईंशी बोलले. मग त्यांनी व्हॉट्सअॅपवर समूह काढला. नाव ‘पाचशेच्या पुढं’. पाचशे पानांखालचं पुस्तक तिथे चर्चेला घ्यायचं नाही, एवढा एकच नियम. दोन वर्षांत साताऱ्यापासून जतपर्यंतचे एकतीस सभासद झाले, आणि शेठांना सकाळी उठायला कारण मिळालं.

त्या कारणातच आता तांबं निघत होतं. शेठांनी ‘आडातला काळ’वरचे महिन्याभराचे मजकूर मागे जाऊन तपासले. ‘अस्वस्थ करणारी कादंबरी’ हे शब्द एकोणीस वेळा आले होते. सात जणांनी ‘शेवट म्हणजे तर कळस’ असं लिहिलं होतं. शेवटी काय होतं, ते सातांपैकी एकानंही लिहिलं नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेठांनी स्वतः समूहात "सध्या दुसऱ्यांदा वाचतोय" असं जाहीर केलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. दोनशे बाराव्या पानावर नायक एका खड्याकडे बघत बसतो. तिथे शेठ अडकले, कंटाळून पुन्हा पहिल्या पानावर गेले, आणि पुन्हा दोनशे बारावरच येऊन थांबले. पण आपलं प्रकरण वेगळं आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. आपण खरा वाचक, फक्त वाटेत आहोत.

कस बघायचा तर दगडावर घासावं लागतं. शेठांनी दुपारी मजकूर टाकला: "पान ५६३. आंधळी कुंभारीण आडाच्या काठावर येते, न बोलता एक मडकं खाली सोडते आणि निघून जाते. असं मौन मी दुसरीकडं कुठं वाचलेलं नाही. तुम्हांला काय वाटलं?"

कुंभारीण त्यांनी मनानं रचली होती. पानाचा आकडाही विचारपूर्वक निवडला होता. जिथवर आपण पोचलो नाही, तिथवर हे लोक कुठले पोचायला?

अकरा मिनिटांत पहिलं उत्तर आलं. साताऱ्याचे निवृत्त सुभेदार धैर्यशील यांनी लिहिलं, "त्या कुंभारणीनं तीन रात्री झोपू दिलं नाही. फुल सॅल्यूट." कवठे महांकाळचे द्राक्षबागायतदार लालासाहेब म्हणाले, "मडकं खाली जातं तवा माज्या अंगावर काटाच आला." सरांनी कुंभारणीच्या आंधळेपणाचा पाचशे शब्दांत अर्थ लावला, आणि तो अर्थ चांगला होता. इतका चांगला, की आपल्याला हे कसं सुचलं याचं शेठांना क्षणभर कौतुक वाटलं. संध्याकाळपर्यंत बावीस जण कुंभारणीवर फिदा झाले होते. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे बावीस पोहरे काठोकाठ भरून वर आले होते.

"बावीस!" शेठ मांडी थोपटून म्हणाले. "समदी पितळं!"

"मग हाकला त्यास्नी," मनुबाई म्हणाल्या.

शेठांचा हात मांडीवरच राहिला. बावीस हाकलले तर राहणार नऊ, आणि त्यांतले बहुतेक दोन वर्षांत अंगठ्याच्या खुणेपलीकडे काही बोलले नव्हते.

तेवढ्यात तेविसावं उत्तर आलं. जत तालुक्यातल्या एका वाडीवरच्या अंगणवाडी सेविका रंगुबाई जशा बोलत तशाच लिहीत. "अण्णा, ५६३ वर कुंभारीण न्हाई. तितं नुसता धुरळा हाय. दोनदा बगितलं."

शेठांच्या छातीत लख्ख झालं. अस्सल! शंभर नंबरी! ते आनंदानं उत्तर लिहायला लागले, तोवर समूह रंगुबाईंवर तुटून पडला.

"मॅडम, फोकस ठेवून वाचा," सुभेदारांनी सुनावलं.

"आमच्या पुस्तकात तर हाय बाबा. ठळक हाय," लालासाहेब म्हणाले.

सर सौम्यपणे म्हणाले, "ताई, काही पात्रं ओळींमध्ये नसतात. दोन ओळींच्या मधल्या जागेत असतात."

शेठांनी लिहिलेलं उत्तर पुसलं. खरं सांगितलं तर बावीस माणसं अपमानानं निघून जाणार. पुन्हा भिंत आणि मनुबाई. नाही सांगितलं तर समूहातला एकुलता एक खरा वाचक शिव्या खाणार. ते दोन दिवस गप्प बसले. दोन दिवसांनी रंगुबाईंनी लिहिलं, "माजंच वाचन कच्चं आसंल. मी समूह सोडते."

शेठांनी घाईघाईनं फोन लावला. "रंगुबाई, सोडू नगा. रविवारी कवठ्याला मेळावा हाय, तितं या. समोरासमोर बगू."

"अण्णा, तुमी तरी सांगा. तुमी दोनदा वाचलंय. हाय का ५६३ वर ती कुंभारीण?"

"या तर खरं," शेठ म्हणाले, आणि रेंज गेल्यासारखं करून फोन ठेवला.

कवठे महांकाळ निवडण्याचं कारण म्हणजे ते विटा, सांगली आणि जत या तिघांनाही सारखंच गैरसोयीचं. लालासाहेबांनी आपलं बेदाण्याचं शेड झाडून घेतलं होतं आणि दारावर फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सच्या मधोमध डोळे मिटलेली, हातात मडकं घेतलेली कुंभारीण. भोवती एकतीस सभासदांचे गोल फोटो. सर्वांत वर, कुंभारणीपेक्षाही मोठे, आकारामशेठ. खाली ठळक अक्षरं: ‘आंधळी कुंभारीण विशेष स्नेहमेळावा’.

"कसा झालाय?" लालासाहेबांनी विचारलं.

"एवढा खर्च कशाला केला?" शेठ म्हणाले.

"आसू द्या वो. साहित्यासाठी एवढं बी करू नगं का?"

चोवीस जण आले. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे तिरका बघत होता. ज्याला स्वतःचं माहीत असतं त्याला दुसऱ्याचा संशय लवकर येतो, आणि इथे सगळ्यांनाच स्वतःचं माहीत होतं. सुभेदारांनी लालासाहेबांना विचारलं, "कुठला चॅप्टर आवडला?" लालासाहेब म्हणाले, "मधला." सुभेदारांनी मान हलवली आणि आणखी काही विचारायच्या आत चहा आणायला निघून गेले.

सरांनी ‘कुंभारणीचं मौन’ हा निबंध वाचायला घेतला. निबंध चाळीस मिनिटं चालला. टाळ्या चालू असतानाच रंगुबाई आत आल्या. एसटी उशिरा आली होती. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, काठापदराचं लुगडं, पायांवर धूळ. पिशवीतून त्यांनी पुस्तक काढलं. ते फुगलं होतं, तपकिरी पडलं होतं आणि त्याला ज्वारीच्या वाळक्या पात्यांच्या खुणा होत्या. त्या पुस्तकाकडे सगळे जण पोलिसाकडे बघावं तसे बघायला लागले.

"सर, शेवट शेवट भाईरनं आयकलं, लय चांगलं वाचलंसा," रंगुबाई म्हणाल्या. "आता ५६३ काढा की. मला बोट ठेवून दावा. मी पोरास्नी शिकीवती, मला चूक दावली तर राग येत न्हाई."

"माझी प्रत... गाडीत आहे," सर म्हणाले.

"सुभेदार, तुमी?"

"चष्मा घरी राहिला."

"लालासाहेब?"

"जेवणाचं बगून येतो," म्हणून लालासाहेब उठले, पण शेडला दार एकच होतं आणि रंगुबाई दारात बसल्या होत्या.

सरांना वाट सुचली. "अहो, शेठ आहेत ना! त्यांनीच ही जागा आपल्याला दाखवली. शेठ, तुम्हीच वाचा."

चोवीस माना वळल्या. रंगुबाईंनी आपलं पुस्तक उघडून शेठांपुढं धरलं. शेठांनी पान ५६३ आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. खरोखरच नुसता धुरळा होता. वर रंगुबाईंचा चेहरा होता. त्यात राग नव्हता, आपलं काही चुकलं असेल तर समजून घेऊ, एवढंच होतं. चौतीस वर्षांत शेठांनी कुणाच्या खऱ्या सोन्याला खोटं म्हटलं नव्हतं.

"कुंभारीण न्हाई," ते म्हणाले. "५६३ वर न्हाई, पुस्तकातच न्हाई. मी घातली. तुमचा कस बगायला."

एकदम सगळे बोलायला लागले.

"मला पहिल्या दिवशीच डाऊट आला होता!" सुभेदार गरजले.

"मग तीन रात्री झोपला का न्हाईसा?" लालासाहेबांनी विचारलं.

"मीसुद्धा शेठांचीच परीक्षा घेत होतो," सर म्हणाले. "तो निबंध उपरोधिक होता."

"चाळीस मिनिटं?"

"ही चीटिंग आहे! आपल्याच माणसांवर पाळत?" सुभेदारांनी पिशवी उचलली. त्यांच्यामागे आणखी पाच-सात जण उठले. शेठ दाराकडे बघत राहिले. दोन वर्षं उभा केलेला समूह दोन मिनिटांत चपला शोधत होता.

"आवं, पन कुंभारीण हाय की," रंगुबाई म्हणाल्या.

सगळे जागच्या जागी थांबले.

"५६३ वर न्हाई म्हटलं मी. ६०१ वर हाय. आंधळी न्हाई, एका डोळ्यानं अधू. मडकं सोडत न्हाई, भट्टीतली राख आडात वतती. तिच्यामुळंच तर पुढची दोनशे पानं हायती." त्यांनी शेठांकडे वळून बघितलं. "अण्णा, म्हटलं तुमचा पानाचा आकडा चुकला आसंल. पुस्तकातच न्हाई कसं म्हनता? दोनदा वाचलंय न्हवं?"

आता चपला घातलेलेही परत आत आले. हे सोडून जाणं शक्य नव्हतं.

"किती वाचलंय शेठ?" सरांनी अतिशय गोड आवाजात विचारलं.

शेठांनी कपाळावरचा घाम पुसला. "दोनशे बारा. पन दोनदा."

पहिले लालासाहेब हसले, पोट धरून. मग सुभेदार हसले. "मी सव्वीस," ते म्हणाले. "पहिलं वाक्य संपेना, मग मीच संपवलं." लालासाहेब नऊ निघाले. सरांनी छताकडे बघत मलपृष्ठ वाचल्याचं कबूल केलं. त्यावर मात्र शेठही हसले.

हसल्या नाहीत त्या रंगुबाई. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याची धूळ पुसली.

"मी टँकरच्या नंबरात बसून वाचलं ह्ये," त्या म्हणाल्या. "तीनदा टाकून दिलं. पन तुमी तीस जणं वाचताय म्हटल्यावर लाज वाटायची, पुन्ना घ्यायची. शेवटची शंभर पानं वाचली आनि लय रडली. घरात सांगितलं तर मालक म्हणालं, आडात बसल्यालं मानूस, त्येच्यासाठी काय रडायचं? म्हटलं रविवारी कवठ्याला जाऊ. तितं तीस जणं हायती ज्यास्नी समदं ठावं हाय. त्यांच्याशी बोलू." त्यांनी चोवीस चेहऱ्यांवरून नजर फिरवली. "आता बोलू कुणाशी?"

लालासाहेबांनी बेदाण्याची ताटली हळूच त्यांच्यापुढं सरकवली.

"रंगुबाई," शेठ म्हणाले, "एवढंच सांगा. शेवटी तो वर येतो का?"

रंगुबाईंनी एक बेदाणा तोंडात टाकला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"मी न्हाई सांगायची."

शेठांनी पिशवीतून आपली प्रत काढली आणि दोनशे तेरावं पान उघडलं. मग मागच्या बाजूला कुणाच्या तरी पुस्तकावरचं प्लॅस्टिकचं वेष्टण फाटल्याचा आवाज झाला. पाठोपाठ आणखी दोन झाले. चौथा आवाज ऋषिराज सरांच्या पिशवीतून आला, पण शेठांनी मान वर करून बघितलं नाही.