एक तरी गेम शेवटपर्यंत

त्या शनिवारी जीवनने ठरवलं होतं, की आज काही म्हणजे काही घ्यायचं नाही, नुसतं बघायचं. (गुत्त्यावर जाणारी माणसंही घरातून असंच ठरवून निघतात म्हणे.) सातपूरच्या एका कंपनीत डिस्पॅचला कारकून असलेला हा गृहस्थ आठवडाभर चलनं फाडायचा, ट्रकवाल्यांच्या शिव्या खायचा आणि शनिवारी मखमलाबादला घरी जाताना वाट वाकडी करून एम. जी. रोडवर पुंजाच्या गाळ्यात शिरायचा. पुंजा कॉम्प्युटर गेमच्या सीड्या विकायचा. गिऱ्हाईक ओळखण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या रस्त्यावर कोणी नव्हता.

"जीवनभाऊ, हा बघा. आख्खं शहर वसवायचं यात. रस्ते, नळ, बागा, सगळं आपल्या हातानं."

"नको रे बाबा. घरी आहेत त्याच खेळायच्या राहिल्यात."

"मग तर न्याच. त्या संपल्यावर काय खेळाल?"

आता या प्रश्नाला भल्या माणसानं काय उत्तर द्यावं? जीवनने पैसे मोजले. सीडी पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली गेली.

खरं सांगायचं तर जीवनने त्यातला एकही गेम धड खेळला नव्हता. वेळ कुठे होता? तो घरी यायचा तेव्हा वीज गेलेली असायची. वीज यायची तेव्हा विहिरीवरची मोटर चालू करायला पळावं लागायचं, कारण झेंडूला पाणी द्यायला वडील, म्हणजे गोटीराम नाना, त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलेले असायचे. ते उरकून, जेवून, कॉम्प्युटरपुढे बसावं, तर गेम आधी कॉम्प्युटरमध्ये भरून घ्यावा लागायचा. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची आणि ती अर्ध्यावर येईतो जीवनची मान छातीवर पडलेली असायची. विकत घेताना मात्र त्याचा सगळा शीण जायचा. वेष्टनावरचं चित्र बघितलं, मागचा मजकूर वाचला, की आपण एक दिवस निवांत बसून हे खेळणार आहोत असं त्याला अगदी आतून वाटायचं. तो निवांत दिवस सीडीबरोबरच मिळत असावा, अशी बिचाऱ्याची समजूत होती.

त्याच्या घरात उजेडाची म्हणावी अशी जागा एकच, पुढच्या खोलीतली खिडकी. तिथं कॉम्प्युटरचं टेबल आणि खुर्ची. बायको शुभांगी शिवणकाम करायची, तिचं मशीन मागच्या कोठीत, धान्याच्या पिंपांमागे. तिथं सुईत दोरा ओवायचा तर दिवसाढवळ्या बॅटरी धरावी लागे. तिनं कधी तक्रार केली नव्हती. पण त्या शनिवारी डबा घासायला म्हणून तिनं पिशवी उलटी केली.

"अहो, हे काय?"

"सीडी."

"ते दिसतंय मला. खोक्यातल्या आधीच्यांचं काय झालं?"

"त्या वेगळ्या आहेत."

शुभांगी देवळ्याची, कांद्याच्या घरातली लेक. "आमच्याकडं चाळीत कांदा भरून ठेवतात, पण भाव आला की बाहेर तरी काढतात. तुमच्या चाळीला कधी मुहूर्त लागणार? का सडल्यावर उकिरड्यावर न्यायच्या?"

यावर जीवन हसला. हसायला नको होतं.

"नाना, तुमच्यासमोर सांगते," शुभांगीनं पदर खोचला. "यांनी दसऱ्यापर्यंत एक तरी गेम शेवटपर्यंत खेळून दाखवावा. दाखवला तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नाही जमलं तर ती खिडकी माझ्या मशीनला."

नाना खाटेवर बसून तंबाखू मळत होते. "रास्त हाय," म्हणाले. नानांनी रास्त म्हटलं की त्या घरात वरचं कोर्ट नव्हतं.

जीवनने खिडकीकडे पाहिलं. त्या खिडकीतल्या खुर्चीवर तो बसला की 'ऑफिसचं काहीतरी करतोय' म्हणून कोणी काम सांगत नसे. बाकी घरात कुठेही टेकला, की हाक आलीच म्हणून समजा. ती जागा गेली तर बसायचं कुठे? पुढचे दिवस त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. पण वीज, मोटर आणि निळी पट्टी या तिघांपुढे त्याचं काही चाललं नाही. शेवटी त्यानं खंडेनवमीची रजा टाकली, आणि घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही.

झेंडूवाल्यांकडची खंडेनवमी म्हणजे लग्नघरच. टेम्पो भरायचा, फूलबाजार गाठायचा, घसा बसेपर्यंत ओरडायचं. अशा दिवशी घरी एकटं राहायचं तर आजारपणाशिवाय इलाज नव्हता.

"आई, अंग मोडून आलंय गं. ताप असावा."

नवसाबाईंनी लेकाच्या कपाळाला हात लावला. "पोळत तर नाय. पण तोंड लय उतरलंय रे. पडून ऱ्हा तू." (तोंड वर्षभर उतरलेलंच असायचं, आज कामाला आलं.) "आम्ही जातो बाजारात. तेवढी हत्यारांची पूजा करते अन् निघते."

जीवनने पांघरूण डोक्यावरून घेतलं, आणि सवयीप्रमाणे लगेच डोळा लागला. टेम्पो फाटकाबाहेर गेल्याच्या आवाजानं तो उठला, तो थेट पुढच्या खोलीत. आणि दारातच थिजला.

कोयते, खुरपी, फवारणीचा पंप, शुभांगीची कात्री, सगळ्यांना झेंडूच्या माळा होत्या. कॉम्प्युटरलाही होती. पडद्याच्या मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा, बटणांच्या फटींत अक्षता. तेवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! पण हा कॉम्प्युटर घरात आला तेव्हा आईनं विचारलं होतं, "एवढ्याशा पेटीत काम असतंय कुठं रे?" आणि जीवनने ऐटीत सांगितलं होतं, "पेटीत काही नाही आई, जे आहे ते या तबकड्यांत." नवसाबाईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. आता हत्यार गुंडाळून ठेवून कोणी पुजतं का? त्यांनी खोक्यातली एकूणएक सीडी बाहेर काढली होती, आरशासारखी चमकती बाजू वर करून चादरीवर मांडली होती आणि प्रत्येकीवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं ओढून वर एकेक फूल ठेवलं होतं. आणल्यापासून वेष्टनसुद्धा न फोडलेल्या सीड्याही त्यात होत्या. जीवनला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते आईनं एका सकाळी करून टाकलं होतं.

खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नसतो, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. पण 'धुवायचं नाही' असं कुठं सांगितलंय? कायद्यातली ही पळवाट सापडताच तो शुभांगीचा कपड्याचा साबण घेऊन अंगणातल्या दगडावर बसला. कुंकू निघालं. हळद काही हटेना. घासघासून त्यानं सीड्या चिमटे लावून कपड्यांच्या दोरीवर वाळत टाकल्या. धीर निघेना म्हणून एक अर्धवट ओलीच आत नेऊन कॉम्प्युटरला चारली. कॉम्प्युटरनं गिरणीच्या जात्यात खडा आल्यासारखा आवाज केला, सीडीचा कप्पा अर्धा बाहेर काढला आणि तो तसाच राहिला. ना आत, ना बाहेर.

जीवन परत अंगणात येऊन उरलेल्या सीड्या घासू लागला. (का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.) तेवढ्यात शेजारच्या भागीबाई फाटकात. आजारी लेकाला काढा देऊन या, असं नवसाबाई जाताना सांगून गेल्या होत्या.

"अगं बाई! जीवन, हे रे काय मांडलंय?"

दोरीवर तबकड्या लखलखतायत, त्यांतून पिवळं-तांबडं पाणी ठिबकतंय आणि तापकरी माणूस बनियनवर बसून साबण लावतोय.

"काही नाही काकू. हळदीकुंकू लागलं होतं, ते काढतोय."

"कोणी लावलं?"

आईनं, म्हणावं तर पूजा मोडल्याचं पाप पदरात. जीवन गडबडला. "कोणीतरी लावलं. मी झोपलो होतो."

"झोपेत घरात शिरून लावलं? अन् तुला तापबी तवापासूनच?"

"आज सकाळपासून. म्हणजे हो. तसंच काहीतरी."

भागीबाईंच्या तोंडाचं पाणी पळालं. काढ्याचा तांब्या तिथंच ठेवून त्या घराकडे पळत सुटल्या. त्यांच्याकडे फोन होता, आणि नानांच्या बंडीच्या खिशात नवा मोबाईल.

ऐन तेजीचा बाजार टाकून टेम्पो माघारी आला. आधी नवसाबाई उतरल्या, मुठीत मीठ-मोहऱ्या, वाटेत कुठूनतरी आणलेल्या मिरच्या. "कोणाची नजर लागली रं माझ्या लेकराला! कोण मेलं करणी करून गेलं!" म्हणत त्यांनी जीवनवरून ओवाळायला हात उचलला आणि त्यांची नजर दोरीवर गेली. हात हवेतच राहिला.

"आरं, ही तर माझी पूजा!"

शुभांगीनं दोरीवरच्या सीड्यांकडे पाहिलं, नवऱ्याच्या हातातल्या साबणाकडे पाहिलं, आणि ती तोंडाला पदर लावून घरात गेली. ती रडत नव्हती. आतून हसण्याचा आवाज येत होता आणि तो ऐकून जीवनला रडावंसं वाटलं.

नाना जवळ आले. "ताप कुठाय?"

"उतरला."

"मंग चढ टेम्पोत."

त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत आणि दसऱ्याला दुपार टळेपर्यंत जीवन फूलबाजारात उभा होता. झेंडू घ्या झेंडू ओरडून त्याचा घसा गेला, कंबर गेली आणि उरलासुरला अभिमानही गेला. ओळखीचे लोक थांबून विचारत होते, "काय जीवनराव, नोकरी सोडली वाटतं?" घरी आला तेव्हा पायातली चप्पल काढायचंही त्राण नव्हतं.

एकमेकांना सोनं दिलं, पाया पडून झालं. शुभांगीनं मशीन कोठीतून पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत ओढून आणलं होतं.

"सण झाला. बोला आता."

सीडीचा कप्पा जीभ बाहेर काढून बसला होता. म्हणजे खोक्यातलं काही चालणं शक्य नव्हतं. बुडत्याला काडी म्हणतात तसा जीवनला पत्त्यांचा खेळ आठवला. तो कॉम्प्युटरमध्येच होता, त्याला सीडी लागत नव्हती. सणाचा दिवस म्हणून वीजही होती. त्यानं डाव मांडला.

"हा कधी घेतला?" शुभांगीनं विचारलं.

"हा घेतलेला नाही. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलाय."

"म्हणजे इतकी वर्षं घरात एक फुकटचा पडून होता?"

"दोन," नाना खाटेवरून म्हणाले. मग पडद्याकडे बघत, "पण गेम हाय ना? मंग चालंल."

सगळं घर पाठीशी उभं राहिलं. नवसाबाईंचं बालपण मळ्याची राखण करताना भावांबरोबर पत्ते कुटण्यात गेलेलं. थोडा वेळ बघून त्यांना खेळाची मेख कळली.

"आरं, इस्पिकच्या राणीवर तो बदामचा गुलाम ठेव की."

"ठेवतोय आई."

"अन् तो किलवरचा राजा रिकाम्या जागंवर घे. आरं, झोपतो काय?"

"नाही आई."

हे 'नाही आई' जीवनला शेवटचं आठवतं. जागा झाला तेव्हा तो खुर्चीत नव्हता, भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेला होता. पडद्यावर पत्ते आनंदानं उड्या मारत खाली पडत होते. शुभांगी टाळ्या पिटत होती, भागीबाई दारात येऊन "गं बया!" करत होत्या.

"जिंकलो!" जीवन ओरडला. बसलेल्या घशातून ते कोणाला ऐकूही गेलं नाही.

"तुम्ही नाही," शुभांगी म्हणाली. "आई जिंकल्या."

नानांनी तंबाखू तोंडात टाकली आणि निकाल दिला. गेम शेवटपर्यंत झाला, पण जीवननं केला नाय, म्हणून खिडकी मशीनची. जिनं केला तिची पेटी, टेबलखुर्चीसकट तिच्या खाटेशेजारी न्यायची. कोणाची हरकत? हरकत एकाचीच होती, पण त्याला टेबल उचलायला बोलावलं होतं.

संध्याकाळी खिडकीतल्या उजेडात शुभांगीचं मशीन पळत होतं. बॅटरी न धरता घातलेली ती पहिली शिवण तिनं हात फिरवून दोनदा पाहिली. तिचा चेहरा असा उजळला होता, की जीवनला आपल्या खोक्याची पहिल्यांदा लाज वाटली. तो दाराला टेकून उभा होता, कारण बसावं कुठं ते कळत नव्हतं.

"एक विचारू? रागावू नका," ती म्हणाली. "तुम्हाला खरंच ते गेम खेळायचे होते का हो?"

जीवन इतका दमला होता की खोटं सुचलं नाही. "नाही गं. कोणी हाक न मारता घटकाभर नुसतं बसायचं होतं मला."

मशीन थांबलं. "अहो, मग सांगायचं नाही का? त्यासाठी खोकंभर सीड्या कशाला? खुर्ची होतीच की घरात."

जीवनने खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर नवसाबाई मांडी ठोकून बसल्या होत्या. दुसरा डाव रंगात आला होता. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या,

"जीवन, उभाच हाय ना? मंग जरा चहा टाक."