काताओकांचा दाब उतरतो

रस्सीखेचीच्या दिवशी सकाळी काताओका दुसऱ्यांदा कढत पाण्याच्या टबात जाऊन बसले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, साचिएबाईंनी, बाहेरून दार वाजवून विचारलं, आज दोर ओढायचाय की स्वतःला उकडून घ्यायचंय?  गळ्यापर्यंत पाण्यात बसून ते पपनस सोलत होते, आणि तेही कालपासूनचं तिसरं. आपल्याच बागेतलं पपनस त्यांनी एरवी वर्षानुवर्षं तोंडात घातलं नव्हतं.

पण आज प्रश्न रक्तदाबाचा होता. देवळापुढच्या रस्सीखेचीत बागायतदारांची वरची वाडी कोळ्यांच्या खालच्या वाडीकडून सारखी हरत आली होती. वरच्या वाडीच्या दोराचं शेवटचं टोक काताओकांच्या घराकडे. आजोबांनी ते कमरेला बांधलं, वडिलांनी बांधलं, आता हे. टोक घराचं, असा रिवाज होता. घरातलं कुणी उभं राहिलं नाही तर ते मोकळं राहील, पण परक्याच्या कमरेला बांधलं जाणार नाही. आणि मोकळ्या टोकानं कोळ्यांपुढे उभं राहणं म्हणजे ओढण्याआधीच हरणं.

गेल्या वर्षी एकजण दोर ओढता ओढता भोवळ येऊन पडला. म्हणून यंदा नगरपालिकेच्या नर्स मिझुएसान तंबूत यंत्र घेऊन बसणार होत्या. दाब एकशे साठच्या वर गेला की दोराला हात लावायचा नाही. आता या मिझुएसान पडल्या खालच्या वाडीच्या सून. त्यांनी दंडाला पट्टा बांधला की काताओकांचं डोकंच तापायचं. घरी एकशे तीस दाखवणारा दाब त्यांच्यापुढे एकशे सत्तरवर जायचा.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना गोळी सुरू केली होती. औषधाच्या दुकानातल्या पोरीनं तेव्हाच बजावलं होतं, की पपनस खाऊ नका, त्यानं या गोळीचा जोर भलताच वाढतो. काताओकांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं. जोर वाढतो ना? मग आज जोरच तर हवाय. वर गरम पाण्यानंही दाब उतरतो, हे तर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. या हिशोबात कुठं काही चुकतंय, असं त्यांना वाटलंच नाही.

तंबूत ते लालबुंद चेहऱ्यानं, पण अगदी खुशीत बसले. यंत्र गुरगुरलं. मिझुएसाननी आकडा पाहिला, पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला.

"काताओकासान, जरा उभे राहा बघू."

काताओका उभे राहिले. तंबूचा खांब हळूच डावीकडे सरकला. खांबानं असं का करावं याचा विचार करत ते खाली बसले, म्हणजे बसवले गेले.

"अठ्ठ्याऐंशी," मिझुएसान म्हणाल्या. "काय खाल्लंत?"

साचिएबाईंनी सगळं सांगून टाकलं, टबासकट. मिझुएसाननी कपाळाला हात लावला. मग बागायतदाराला कळेल अशा बेतानं त्यांनी सांगितलं: ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. बारीक पाइप काढून रुंद बसवला तर पाण्याचा जोर कमी होतो की नाही? तसंच. पपनस त्या गोळीला पोटात मोडू देत नाही, म्हणून एक गोळी दोन-तीन गोळ्यांचं काम करते. त्यात कढत पाण्यानं पाइप आणखी रुंद झाले. आता उभं राहिलं की रक्त सगळं पायात, आणि डोक्याला कोरड.

पाइपांचं काताओकांना लगेच पटलं, आणि तेच वाईट झालं. भांडायलाही जागा उरली नाही. मिझुएसाननी डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्या सांगण्यावरून काताओकांना आडवं करून त्यांचे पाय पपनसांच्या खोक्यावर चढवण्यात आले, आणि दंडावर पट्टा तसाच राहिला.

बाहेर वरच्या वाडीचे लोक एकमेकांची तोंडं बघू लागले. मुलगा ओसाकाला. टोक मोकळं राहणार. काताओकांना रडू आलं. आजोबांनी, वडिलांनी राखलेलं टोक आपण टबात बसून घालवलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"टोक घराचं ना?" साचिएबाई म्हणाल्या. "मग मी कोण, भाडेकरू?"

म्हातारी मंडळी घुटमळली. साचिएबाई खालच्या वाडीच्या माहेरवाशीण, आणि पलीकडचं टोक त्यांच्याच धाकट्या भावाच्या, तेरुओच्या कमरेला. ही बाई ओढणार कुणाकडे? सगळ्यांनी काताओकांकडे पाहिलं. काताओकांनी पडल्या पडल्या टोक बांधायचा कमरेचा जाड पट्टा सोडला आणि बायकोच्या हातात दिला.

साचिएबाईंचा दाब एकशे अठरा भरला.

तंबूतून काताओकांना फक्त पाय दिसत होते. पहिला डाव खालच्या वाडीनं चुटकीसरशी नेला. दुसऱ्यात साचिएबाईंच्या टाचा मातीत रुतल्या आणि निघेनातच. वरच्या वाडीनं तो डाव घेतला.

"एकशे बावीस," मिझुएसान म्हणाल्या. "आता बरं आहे."

"मग मला जाऊ द्या."

"हलायचं नाही."

तिसरा डाव काही केल्या संपेना. शेवटी तेरुओ धापा टाकत ओरडला, "ताई, सोड ना! माहेर आहे तुझं!"

"माहेर आहे म्हणूनच," साचिएबाई दातओठ खात म्हणाल्या. "जन्मभर माझ्या पानातला मासा पळवलास. आज बघतेच तुला."

टाचा एक पाऊल मागे आल्या. मग आणखी एक. मग पलीकडचे सगळे पाय एकदम घसरत आले आणि तेरुओ सपशेल बुडावर बसला. देवळापुढे असा गलका झाला की तंबूचं कापड हललं.

जिंकलेल्या टोकाला साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, मोठा वाडगा द्यायची पद्धत होती. वाडीचे म्हातारे पुढारी सवयीनं तो घेऊन तंबूत शिरले आणि काताओकांपुढे वाकले. काताओकांनी मान हलवली.

"इकडे नाही. टोक बाहेर उभं आहे."

साचिएबाईंनी वाडगा दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. भरायला तेरुओलाच यावं लागलं.

"बघा," काताओका दिसेल त्याला सांगत सुटले, "ती माझी बायको."

"बोलू नका," मिझुएसान यंत्राकडे बघत म्हणाल्या. "एकशे बासष्ट झाला. वाढतोय."

"वाढू दे की," काताओका म्हणाले. "आज नाही वाढायचा तर कधी?"

खालच्या वाडीच्या सूनबाईंनी क्षणभर बाहेर पाहिलं, मग गालात हसून यंत्र बंद केलं.