अप्पांचं उचलतं छप्पर

रेवणअप्पा आमच्या घरी आले की आधी भिंतीला भेटतात, मग मला. कमरेला कायम मोजपट्टी. नमस्कार व्हायच्या आत ती खर्रकन बाहेर येते, दिवाणाची लांबी, खिडकीची रुंदी घेतली जाते आणि मग अप्पा चहाला बसतात. परभणीत जन्मभर त्यांनी हार्डवेअरचं दुकान चालवलं. बिजागऱ्या, पत्रे आणि पाइप विकता विकता हा माणूस सगळ्या जगाकडेच फिटिंग म्हणून बघायला लागला. आमच्या लेकाच्या लग्नात सगळे सूनबाईचं शिक्षण विचारत होते. अप्पांनी तिची उंची पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाघमारे सायब, सैपाकाचा ओटा तीन इंच वर घ्या. पोरीची कंबर जाईल." आम्ही हसलो, ओटा तसाच ठेवला. सूनबाईची कंबर गेली.

"मापात बसलं पायजे," हे त्यांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर. उमेदवार असो, जावई असो की आंब्याची पेटी. एखाद्याबद्दल फार वाईट बोलायची वेळ आली तर, "माणूस चांगला हाय, पण मापात न्हाई," इतकंच.

आमची घरं समोरासमोर. मी तहसील कचेरीतून निवृत्त झालेला कारकून; चाळीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले, त्यामुळे दुसऱ्याचं चुकतंय कुठे हे मला लांबूनच दिसतं. अप्पांचं चुकायला सुरुवात झाली ती दिवाळीनंतर. एका सकाळी ते मोबाइल पुढे करून माझ्याकडे आले. पडद्यावर कुठल्याशा परदेशात एक गोरा माणूस पिकअपच्या पाठीवरची पेटी उघडत होता. त्यानं काहीतरी दाबलं, पेटीचं छप्पर वर उचललं गेलं आणि आत बिछाना, शेगडी, खिडकी, सगळा संसार. पुन्हा दाबलं, छप्पर खाली, गाडी निघाली.

"आपल्या दुकानाच्या पिकअपवर आसलंच बसवायचंय," अप्पा म्हणाले. "तुमी निवडायला मदत करा."

"अप्पा, जायचंय कुठे?"

"सोनपेठला."

सोनपेठला एसटी जाते. सोनपेठला अप्पांची मुलगी मंगल राहते, तिचं दुमजली घर आहे आणि वरच्या दोन खोल्या पाहुण्यांची वाट बघत रिकाम्या आहेत. तिचं दुसरं बाळंतपण तिथेच होणार होतं आणि बारशाला आजीआजोबा हवेत असा तिचा हट्ट होता. हे सगळं मी अप्पांना सांगितलं. "दुसऱ्याच्या छपराखाली झोप लागत न्हाई," एवढं बोलून ते माझी खिडकी मोजायला उठले. पोटच्या पोरीचं घर दुसऱ्याचं कधीपासून झालं, हे मी विचारलं. अप्पांनी पट्टीवरून नजर वर केली नाही.

मंगलचा मला फोन यायचा. "काका, वर्ष झालं, अप्पा आईला घेऊन पायरी चढले न्हाईत माझी. बारशाला आई आली न्हाई तर मी पाळणाच बांधणार न्हाई." मी तिच्या बाजूचा होतो. म्हातारपणी माणूस हेकट होतो, असं मी तिला समजावलं.

मग निवड सुरू झाली. एक जण म्हणाला, कायमची उंच पेटीच बांधून घ्या, उचलायची भानगड नको. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पुढाऱ्यानं आपल्या आजोबांच्या नावानं स्वागत कमान बांधली आहे. आजोबा ठेंगणे असावेत. तिच्याखालून पेटी जात नव्हती. म्हणजे छप्पर उचलतंच हवं. मग कापडी भिंतींचं बघितलं. तंबूसारखं उभं राहायचं, हलकं होतं, स्वस्त होतं. अप्पांनी एका वाक्यात नाकारलं, "कापडाला खिळा कसा मारावा?" परदेशी पेटीची किंमत ऐकून त्यांचं काही बिघडलं नाही, पण तिची खिडकी उजव्या हाताला निघाली आणि तीही बाद झाली. खिडकी डावीकडंच पाहिजे. का, ते विचारायचं नाही.

लांबी ठरवायला त्यांनी गल्लीत डांबरी रस्त्यावर खडूनं आयत काढला आणि मला म्हणाले, "झोपा जरा." सकाळचे दहा वाजले होते. मी झोपलो. दूधवाला सायकलवरून उतरला, टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कवा गेले?"

शेवटी काम गेलं मुसाभाईंकडे. मुसाभाई वेल्डर; मालट्रकांना लोखंडी सांगाडे बांधण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. चार कोपऱ्यांना चार जॅक, दांडा फिरवला की पत्र्याचं छप्पर वर. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं होतं. मग अप्पांच्या फर्माइशी सुरू झाल्या. आतून पोपटी रंग. डाव्या खिडकीखाली देवळी. छताच्या मधोमध जाड लोखंडी कडी. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, त्या कोऱ्या छताला एका कोपऱ्यात ओलीचा डाग रंगवायचा. अप्पांनी कागदावर त्याचा आकार काढून आणला होता, कडेकडेनं मापं लिहून.

मुसाभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायब, लोगां डाग निकालने कू पैसे देतेच. ये अप्पा डालने कू देरे. तबियत तो ठीक है ना इनकी?"

मी कपाळाला हात लावला. गल्लीत ही गोष्ट मीच रंगवून सांगितली, कबूल करतो. लोक पोट धरून हसले. अप्पांच्या पत्नी शांतावहिनी तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्यांना वर्षभरात विसर पडायला लागला होता. चहात दोनदा साखर पडायची आणि आम्ही शेजारी त्यावर खूश होतो. यापलीकडे आम्ही विचार केला नव्हता.

मंगलला मुलगा झाला. बारसं ठरलं आणि आम्ही निघालो. अप्पा गाडी चालवत, खिडकीशी वहिनी, मधे मी. मंगलची गल्ली अरुंद, म्हणून सोनपेठच्या बाजाराजवळच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. वहिनी प्रवासानं दमल्या होत्या. अप्पांनी चारी दांडे फिरवून छप्पर उचललं, त्यांना आत नेऊन निजवलं आणि दार लोटून घेतलं.

तो नेमका बाजाराचा दिवस. गाडीचं छप्पर वर जाताना बघून एक म्हातारा पिशवी घेऊन समोर उभा राहिला. त्याच्यामागे दुसरा. आपल्याकडे दोन माणसं एकामागे एक उभी राहिली की तिसरा आधार कार्ड काढतो. बघता बघता रांग झाली. कोणी म्हणे डोळ्यांची तपासणी आहे, कोणी म्हणे विम्याचे अर्ज. एका बाईनं मला गुडघाच दाखवला. आणि इथे माझ्या हातून गुन्हा घडला. चाळीस वर्षांची सवय. पहिल्या म्हाताऱ्याला मी विचारून बसलो, "झेरॉक्स जोडली का?" त्यानंतर ती रांग कोणाच्या बापाला हटवता येणार नव्हती.

अप्पांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझा दंड धरला. "सायब, हात जोडतो, माणसं घालवा. ती उठंल आता."

"उठू द्या की."

"तुमाला म्हाईत न्हाई." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "मागल्या साली मंगलकडं आलतो. सकाळी उठली, वर बघितलं आन् वरडाया लागली. छत वळखीचं न्हाई. चार दिवस गाठोडं घेऊन पायरीवर बसली, मला माज्या घरी न्या म्हणून. पोरीला वळखीना. मंगलला वाटलं, तापात बरळती. तिला खरं काय सांगू? म्हणलं, मलाच झोप लागत न्हाई."

"आणि तो डाग?"

"आमच्या खोलीत हाय. उठली की आदी त्यो बघती. मग मला."

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी केस सारखे करत उंबऱ्यात उभ्या राहिल्या. समोर पंचवीसतीस अनोळखी माणसं, हातात कागद. अप्पांचा हात मोजपट्टीवर घट्ट झाला. वहिनींनी रांगेवरून नजर फिरवली आणि कपाळाला आठी घातली.

"आवं, पाहुण्यांला उन्हात काय उभं केलंय?" त्या अप्पांना म्हणाल्या. "यावं आत. च्या ठेवते."

पहिल्या म्हाताऱ्यानं मुकाट्यानं चप्पल काढली. त्याला चहा मिळाला, साखर दोनदा पडलेला. बाकीच्यांना मी घालवलं. या खेपेला अर्ज न बघता.

संध्याकाळच्या आत मंगल बाळाला घेऊन तिथेच आली. तिला आणायला मीच गेलो होतो आणि वाटेत सगळं सांगितलं होतं. पाळणा आत मावत नव्हता. जगातलं सगळं मोजून अप्पा पाळणा मोजायला विसरले, असं मी म्हणणार होतो. पण त्यांनी जुनं लुगडं काढलं आणि छताच्या त्या कडीला झोळी बांधली. घरच्या खोलीतही अशीच कडी आहे. मंगल तिथल्याच झोळीत वाढली.

मंगलसोबत आलेल्या बायकांनी बाळाचं नाव ठेवलं शिवांश. वहिनींनी झोळीची दोरी हातात घेतली, आत डोकावून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मंगे, नीज गं माय. आपल्याच घरात हाईस."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या मंगलनं डोळे पुसले आणि "हो आई," म्हणाली.

अप्पांनी पट्टी काढली आणि पाठमोरे होऊन दाराची चौकट मोजायला लागले. मी जाऊन पट्टीचं दुसरं टोक धरलं.