काकासाहेबांची फेरतपासणी

"बाबा, मार्क द्यायचे नाहीत. फक्त कौतुक करायचं," सईनं तिसऱ्यांदा बजावलं आणि मगच ती वाळूजच्या कंपनीची बस गाठायला पळाली.

अनंतरावांनी निमूट मान डोलावली. एवढं बजावण्यासारखं काय होतं, असं तुम्हाला वाटेल. पण हा माणूस ज्याला ठाऊक आहे त्यानं तेरा वेळा बजावलं असतं. एकतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं, दर उन्हाळ्यात दहावीचे गठ्ठे तपासले आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी लाल पेन काही हातातून सुटेना. पत्नी कालिंदीबाईंच्या आमटीला गुण, शेजारच्या मुंजीतल्या मंगलाष्टकांना गुण, ज्योतीनगरातल्या नळाच्या पाण्यालाही गुण. नळाला आजवर दोनच्या वर गुण मिळालेले नाहीत, आणि तेवढ्या एका बाबतीत सगळं शहर त्यांच्या बाजूचं आहे.

या वेळचा मामला मात्र नाजूक होता. सईला तिच्याच कंपनीतला विश्वजीत पसंत होता. विश्वजीत कन्नड गावचा, घरी शेती, आणि वडील काकासाहेब म्हणजे एके काळचे नावाजलेले बॉक्सर. फौजेत असताना त्यांनी देशातल्या तीन बड्या बॉक्सरना हरवलं होतं. कन्नडच्या आठवडी बाजारात अजूनही लोक भाजी घेता घेता ते तीन ठोसे हवेत मारून दाखवत. दोन्ही घरं दोनदा भेटली होती, चहा-पोहे झाले होते, पण काकासाहेब हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. "माझी एकसष्टी होऊन जाऊ द्या, मग बोलू," एवढंच त्यांचं म्हणणं. तेव्हा विश्वजीतनं शक्कल काढली, की एकसष्टीचं मानपत्र सईच्या बाबांनीच लिहावं. म्हातारा खूश झाला की सोयरीक पक्की.

अनंतराव लिहायला बसले. 'अजिंक्य योद्धे' असं लिहिलं आणि पेन थबकला. अजिंक्य म्हणजे किती? ज्यांना हरवलं ते त्या दिवशी कोणत्या अवस्थेत होते? एखाद्या पोरानं गणित बरोबर सोडवलं, पण गणितच सोपं होतं, तर पैकीच्या पैकी कसे देणार? रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. सकाळी उठून त्यांनी सोयगावला सांडूमामांना फोन लावला. हे सांडूमामा म्हणजे काकासाहेबांचे फौजेतले सोबती. दोन फेऱ्यांच्या मधे रिंगच्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन हेच उभे असत.

सांडूमामा सरळ माणूस. विचारलं तेवढं त्यांनी सांगून टाकलं. हरयाणाचा दलबीर तेव्हा राष्ट्रीय विजेता होता खरा, पण त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. केरळचा थॉमस फार मोठा खेळाडू, पण तोवर छत्तिशीला आलेला आणि गुडघ्यानं गेलेला. आणि रेल्वेचा सॅम्युअल तर पाच पंचांपैकी तिघांच्या मतानं हरला, आणि ते तिघं काकासाहेबांच्याच छावणीतले होते. "तुमी इचारलं म्हून सांगितलं. आजवर कुनी इचारलंच नाय," मामा म्हणाले.

आता एवढं कळल्यावर अनंतरावांच्यानं राहवेना. तरी सईला दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही हे इथं सांगितलं पाहिजे. कागदाच्या पुढच्या बाजूला त्यांनी झकास मानपत्र लिहिलं. वाघ, सिंह, सह्याद्री, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. मग केवळ स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी त्याच कागदाच्या पाठीमागे तक्ता आखला. दलबीर, ताप, दहापैकी सहा. थॉमस, गुडघे, साडेचार. सॅम्युअल, पंच, तीन. एकूण तीसपैकी साडेतेरा. शेरा: 'प्रतिस्पर्धी नामवंत, पण विजयाच्या वेळी त्यांची अवस्था पाहता यश मध्यम.' खाली लफ्फेदार सही. कोरा कागद वाया घालवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. आणि मागं काही लिहिलं की पुढच्या बाजूच्या तळाशी 'कृपया पान उलटा' असं लिहायचं, हेही रक्तातच होतं. हात आपोआप चालला.

तो कागद गेला औरंगपुऱ्यात कचरूकडे. कचरूचं छपाईचं दुकान चांगलं चालतं, पण दहावीला तो सरांच्याच हाताखाली दोन गुणांनी नापास झाला होता. सरांच्या मजकुरातलं एक अक्षर गाळायची त्याची आजही छाती नव्हती. पान उलटा म्हटलंय, त्यानं उलटलं. तक्ता दिसला, तोही घेतला, आणि त्याला तर सोनेरी वेलबुट्टीची चौकट केली. नमुन्याचा फोटो त्यानं मोबाईलवर पाठवला तो वरच्या अर्ध्या भागाचा. अनंतरावांनी पाहिला, दहापैकी नऊ दिले आणि होकार कळवला. फ्रेम रंगीत कागदात गुंडाळून परस्पर कन्नडला गेली.

एकसष्टीला मांडव गच्च भरला होता. काकासाहेबांना औक्षण झालं, शाल-श्रीफळ झालं, आणि मानपत्र वाचायला गावच्या शाळेतल्या रत्नमालाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज म्हणजे माईकची गरजच नाही. वाघ झाला, सिंह झाला, सह्याद्रीला टाळ्या पडल्या. समोरच्या रांगेत सई हसून आईच्या कानाशी लागली. आणि त्याच खणखणीत आवाजात बाई पुढे म्हणाल्या, "दलबीर, ताप, दहापैकी सहा. थॉमस, गुडघे, साडेचार."

बाई वाचताना अर्थाकडे लक्ष देत नसत. त्यांनी एकूण वाचलं, शेरा वाचला, सहीसुद्धा वाचली. मग मांडवात मागच्या आचाऱ्याचा झारा तेवढा ऐकू येत होता. कालिंदीबाईंनी डोळे मिटून घेतले. सईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. अनंतरावांना त्या घडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधी आपणच मोडला, आणि तोही अर्ध्या कोऱ्या कागदापायी.

काकासाहेबांचा धाकटा भाऊ ताडकन उठला. भर मांडवात थोरल्याची इज्जत काढली, असल्या घरात सोयरीक नाय, असं तो म्हणायला लागला. काकासाहेबांनी हातानंच त्याला खाली बसवलं आणि माईक मागून घेतला.

"गुरुजी, वर या," ते म्हणाले. "पेन हाय का खिशात?"

होता. अनंतराव पाय ओढत वर गेले.

"चाळीस वर्षं लोक मला हार घालतात," काकासाहेब सावकाश बोलू लागले. "समोरचा कसा व्हता हे एका मायच्या पुताला इचारावं वाटलं नाय. तुमी पयले. तापाचं तुमचं खरं हाय. पर तपासणीत दोन चुका हायेत. थॉमसचे गुडघे गेलते, व्हय. पर डोकं गेलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं माझी बरगडी मोडली. तरण्या थॉमसला लोकांनी हरवलंय, म्हाताऱ्याला हरवणं लई अवघड व्हतं. तिथं तीन मार्क वाढवा."

अनंतरावांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. त्यांनी साडेचार खोडून साडेसात केले.

"आता सॅम्युअल. तिथं तीन दिले ते कशापायी? ती लढत मी हरलो व्हतो. पंचांनी हात माझा वर केला, अन् त्यो बिचारा मला मिठी मारून गेला. तवापासून पोटात ठेवलंय. तिथं भोपळा मांडा."

सांडूमामा पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. अनंतरावांनी तिनाचा भोपळा केला, बेरीज केली, पुन्हा एकदा केली आणि सवयीप्रमाणे मोठ्यानं जाहीर केलं, "एकूण तीसपैकी साडेतेरा. गुणांत बदल नाही."

आधी आशाबाई हसल्या. म्हणजे काकासाहेबांच्या मालकीणबाई, ज्या नवऱ्याचे तीन ठोसे चाळीस वर्षं ऐकत आल्या होत्या. मग मांडवच हसायला लागला. धाकटा भाऊ मात्र हसला नाही. त्यानं माईकशिवायच विचारलं, "मग आमच्या विश्वजीतला किती दिले ते बी सांगा की."

कालिंदीबाईंना ठाऊक होतं, की जावयाचाही तक्ता या माणसानं केव्हाच आखला असणार. आणि तो शर्टाच्या आतल्या खिशात घडी करून ठेवलेला होताच. अनंतरावांचा हात खिशापर्यंत गेला. सईनं आता पहिल्यांदा बाबांकडे पाहिलं.

हात तसाच खाली आला. "तो पेपर सईनं तपासलाय," अनंतराव म्हणाले. "तिनं तपासला की मी हात लावत नाही."

काकासाहेबांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं, मग सईकडे पाहिलं आणि आशाबाईंना सांगितलं, की जेवणं उरकली की साखरपुड्याची तारीख काढायला बसू.

पंगतीत जेवताना त्यांनी वाकून अनंतरावांच्या कानात विचारलं, "खरं सांगा, पोराला किती दिलेते?"

"साडेचौदा."

"माझ्याहून एक जास्त?" म्हातारा खूश होऊन म्हणाला आणि त्यानं स्वतः उठून व्याह्याच्या पानात दुसरी पुरणपोळी वाढली.