दर गुरुवारी विधुर

निवृत्तीला चार वर्षं उरली असताना भाषारावांनी पाचवी परकी भाषा शिकायला घेतली, आणि तीही वहीत चाळीस पानं कोरी राहिली होती म्हणून. कोरा कागद वाया गेलेला त्यांना बघवत नसे. (पाणीपुरवठा खात्यात आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं काढली की माणसाचं असंच होतं.) त्या चाळीस पानांत त्यांनी इटालियन भरलं. ती पानं तशीच रद्दीत गेली असती तर फार बरं झालं असतं, असं ते आता स्वतःच म्हणतात.

भाषाराव हे नाव ऑफिसने ठेवलेलं. त्याआधी फ्रेंच, जर्मन, रशियन आणि स्पॅनिश अशा चार भाषांशी त्यांची झटापट होऊन गेली होती. एकही भाषा पुरती आली नव्हती, आणि एकीनेही त्यांना पुरतं सोडलं नव्हतं. सराव म्हणून ते कॉम्प्युटरवर त्या त्या देशातल्या हौशी लोकांशी गप्पा मारत. आता, अर्धीमुर्धी भाषा येणाऱ्या माणसाची एक अडचण असते. त्याला खरं बोलायचं असतं, पण खऱ्याला लागणारे शब्द अजून पुढच्या धड्यात असतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसं भाषारावांनी शब्द पाहून आयुष्य पसरलं. रशियनमध्ये ते अविवाहित होते, कारण लग्नाचा धडा पुस्तकाच्या दुसऱ्या भागात होता. स्पॅनिशमध्ये त्यांना चार मुलगे आणि एक घोडा होता. जर्मनमध्ये ते नुसतेच स्टेशन शोधत होते.

प्रत्यक्षात त्यांना एक मुलगी होती, ती लग्न होऊन दूर गेली होती. आणि एक बायको होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची आणि घरी आल्यावर घर चालवायची. नवऱ्याच्या भाषांवर तिचं एकच मत होतं : "दारू नाही, पत्ते नाहीत. बोलतात बिचारे. बोलू देत."

इटालियनसाठी त्यांना एक शिंपीणबाई मिळाल्या. वय सत्तरीच्या आसपास, दुकान नुकतंच बंद केलेलं, बोलायला माणूस हवा होता. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते पावणेसात अशी वेळ ठरली. तिसऱ्याच गुरुवारी बाईंनी विचारलं, "तुमची पत्नी काय काम करते?"

आता काच घासणं, नंबर जुळवणं, फ्रेम तापवून वाकवणं हे इटालियनमध्ये कसं सांगणार? भाषारावांना घाम फुटला. त्यांनी टेबलाखाली पुस्तक चाळलं. समोर उघडला तो बारावा धडा, 'सांत्वन'. तो त्यांना तोंडपाठ होता.

"माझी पत्नी वारली," भाषाराव अस्खलित म्हणाले.

त्यांचं एवढं सलग वाक्य आजवर कुठल्याच भाषेत निघालं नव्हतं. पडद्यावर शिंपीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. भाषारावांनाही भरून आलं, पण ते उच्चार बरोबर जमल्याच्या आनंदाने. (हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.)

चूक तिथेच दुरुस्त करता आली असती. पण 'क्षमा करा, ती जिवंत आहे' हे वाक्य धड्यात नव्हतं, आणि सराव मात्र झकास सुरू झाला. शिंपीणबाई दर गुरुवारी विचारत, ती कशी होती? भाषाराव आठवडाभर डिक्शनरी उपसून उत्तर तयार करत. पुस्तकात 'ती सज्जन होती' एवढंच होतं. ते दोन गुरुवारांत संपलं. मग त्यांना स्वतःचं घालावं लागलं. ती हसली की खोलीतला दिवा लावायची गरज पडत नसे. ती दमून आली तरी आधी माझ्या चष्म्याची काच पुसायची. ती पायऱ्या चढतेय हे मला तिसऱ्या मजल्यावरून कळायचं.

आणि हे चालू असताना ती शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत असायची.

एकदा घोटाळा होता होता राहिला. बायकोने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि तिचा हात पडद्यावर दिसला.

"कोण ते?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"शेजारीण," भाषाराव म्हणाले. (शेजाराचा धडा चौथा. पक्का.)

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "चांगली दिसते. विचार करा. एकट्याने दिवस जात नाहीत."

असे दोन वर्षं गुरुवार गेले. मग एका रविवारी सकाळी भाषाराव पाव आणायला खाली गेले असताना दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर शिंपीणबाई उभ्या होत्या. भारत बघायला आलेल्या, प्रवास कंपनीच्या बसमधून गावोगाव फिरत होत्या, वाटेत हे शहर लागलं. पत्ता भाषारावांनीच कधीतरी पुस्तक मागवताना दिला होता. हातात पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ. त्याला काळी फीत.

भाषाराव पाव घेऊन आले तेव्हा दोघी सोफ्यावर बसल्या होत्या आणि शिंपीणबाईंनी बायकोचे दोन्ही हात हातात घेतले होते. मध्ये टीपॉयवर बाईंचा फोन होता. बाई इटालियनमध्ये बोलत, आणि फोन ते एका सुरात मराठीत सांगे.

"तुम्ही शेजारीण," फोन म्हणाला. "तुमचा हात मी ओळखला. तुम्ही यांच्याशी लग्न करा."

"पस्तीस वर्षांपूर्वीच केलंय," बायको म्हणाली. मग भाषारावांकडे वळून, "अहो, या कोण? आणि गेलंय कोण आपल्याकडे?"

भाषारावांनी तोंड उघडलं. दोन वर्षांचं इटालियन ऐनवेळी कुठे दडी मारून बसलं, देव जाणे. "टोमॅटो ताजे आहेत का?" एवढंच इटालियनमध्ये बाहेर आलं. फोनने तेही इमानेइतबारे मराठीत सांगितलं.

शेवटी त्यांनी फोनजवळ तोंड नेऊन मराठीतच कबुली दिली. फोनने ती इटालियनमध्ये सांगितली, त्याच थंड आवाजात, एकही शब्द न गाळता.

शिंपीणबाईंनी काळ्या फितीकडे पाहिलं. मग फोन म्हणाला, "मी दर गुरुवारी तुमच्या आत्म्यासाठी मेणबत्ती लावली. दोन वर्षं."

"म्हणूनच गुडघे बरे आहेत माझे हल्ली," बायको म्हणाली.

त्यावर दोघी हसत सुटल्या. फुलांची काळी फीत बायकोनेच सोडवली आणि गुच्छ पाण्यात ठेवला. दुपारी दोघींनी मिळून सूप केलं. एकीने चष्म्याची काच कशी घासतात ते हातवारे करून दाखवलं, दुसरीने कोटाची बाही कशी लावतात ते. मधल्या वेळात शिंपीणबाई आठवून आठवून सांगत होत्या : ते म्हणायचे, ती हसली की दिवा लावावा लागत नसे. ते म्हणायचे, दमून आली तरी आधी माझी काच पुसायची. फोन बोलत होता, आणि बायको ऐकता ऐकता हळूहळू हसायची थांबली. भाषाराव कोपऱ्यात पाव हातात धरून बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

चार वाजता बस होती. बाई गेल्या. बायको कप विसळायला लागली, आणि पाठमोरीच म्हणाली, "ते दिव्याचं. तुम्ही म्हणालात ते?"

पस्तीस वर्षांत तिने काही मागितलं असेल तर हे. तिला फक्त 'हो' हवं होतं. एका अक्षराचं काम. पण भाषारावांना तिच्या तोंडावर असं काही बोलायची सवय नव्हती. 

"ते... पुस्तकात होतं," ते म्हणाले.

"असं होय," ती म्हणाली, आणि नळ मोठा केला.

भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडणात निदान माणूस बोलतो. ती रागावलीही नाही. चहा वेळेवर येई, डबा भरलेला असे. फक्त त्यांचा चष्मा आठवडाभर पुसला गेला नाही. भाषाराव धुरकट काचांतून आवक-जावकच्या नोंदी करत राहिले आणि प्रत्येक ओळीला त्यांना वाटे, काय हा गाढवपणा! जिवंत बायको घरात असताना तिचं कौतुक परमुलुखात नेऊन सांडलं. आणि ती ओंजळ पुढे करून उभी राहिली, तर पुस्तकाचं नाव पुढे केलं.

पुढच्या रविवारी ते नवी वही घेऊन बसले. डिक्शनरी नाही, पुस्तक नाही. दोन तास खाडाखोड करून मराठीत अर्धं पान लिहिलं. दिवा, काच, पायऱ्या. आणि शेवटी, 'हे पुस्तकात नव्हतं. मी खोटं बोललो. घाबरलो होतो.' मग ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. बायको बटाटे सोलत होती.

"अगं, जरा ऐकतेस?"

"ऐकतेय."

भाषारावांनी वही डोळ्यांसमोर धरली आणि वाचलं. आवाज चिरकला, दोनदा ओळ चुकली, एका शब्दावर ते चार वेळा अडखळले. वाचून झाल्यावर त्यांनी वही खाली केली. बायकोच्या हातातली सुरी थांबलेली होती. तिने पदराने डोळे टिपले, त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून त्याच पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि परत नीट बसवला. भाषारावांना वाटलं, सुटलो.

"कळलं सगळं," ती म्हणाली. "पण मराठी नवीनच शिकताय वाटतं? उच्चार अगदी परक्या माणसासारखे येतात. रोज अर्धा तास येत जा इथे. सराव हवा."