बोकडानं पळवलेली बैलजोडी

धम्मदीपाने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं : दुपारी तीनला पुण्याच्या गेम कंपनीतल्या मॅडम व्हिडिओ कॉलवर तिचा गेम बघतील, साडेतीनला नोकरी देतील आणि चारला ती अख्ख्या कारंजा गावात पेढे वाटेल. पेढेवाल्याला तिने सांगूनही ठेवलं होतं.

आई रत्नमाला दुकानात तूरडाळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाई झालं त सोमवारपासून काउंटरवर बसाचं. मह्या एकटीच्यानं होत नाई आता."

"नोकरीचं होत कसं नाई? गेम मी बनवला हाय, आई."

गेम होता मात्र झकास. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा. कंट्रोलरची दांडी पुढे ढकलली की बैलजोडी सुटायची, सोडली की थांबायची. चित्र दाखवणं, आवाज काढणं, कंट्रोलर ओळखणं ही हमाली एक लायब्ररी करायची. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, आपण आयता वापरायचा. हे तिने आईला तीनदा समजावलं होतं आणि आई तिन्ही वेळा म्हणाली होती, "म्हंजे अर्धं काम दुसऱ्यानंच केलं."

दोन वाजता लॅपटॉपवर गेम सुरू केला तर पडदा काळाठिक्कर. हलगी वाजत होती, लोक ओरडत होते, पट मात्र दिसेना. आदल्या दिवशी लॅपटॉपने स्वतःच्या मर्जीने अपडेट घेतलं होतं, तेव्हापासून चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड आणि लायब्ररी यांचं बोलणं बंद. धम्मदीपाने कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काढला, पुन्हा घातला, लॅपटॉप चारदा बंद-चालू केला.

आईने डोकावून पाहिलं. "बैलाइची लाइट गेली काय वं?"

शेवटी गेम दुकानातल्या बिलाच्या कॉम्प्युटरवर चढवला. त्याला ग्राफिक्स कार्डाची चैन ठाऊकच नव्हती. सोबतीला फक्त एक प्रिंटर आणि पोती तोलायचा मोठा काटा, दोघेही वायरने बांधलेले. कार्डाचा नाद सोडून साध्या प्रोसेसरवर चित्र काढ, असं तिने लायब्ररीला सांगितलं आणि बैल दिसले. मग कंट्रोलर जोडला. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : 'कंट्रोलर सापडला'. तिने दांडी ढकलली. बैल ढिम्म. वायर दुसऱ्या खाचेत घातली, तिसऱ्या खाचेत घातली, फुंकर मारली. दर वेळी 'कंट्रोलर सापडला', आणि बैल जागेवरच.

"सापडला त आयकत काहून नाई?" आईने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता, म्हणूनच धम्मदीपाला राग आला.

तेवढ्यात तीन वाजले. टेबलावर स्टॅंडला लावलेल्या मोबाइलमध्ये पौर्णिमा मॅडम उगवल्या. "हं, दाखवा."

आणि त्याच वेळी दारात भागिरथामावशी उभी, हातात दोर, दोराला बोकड. "रत्नमाले, याचं वजन करून दे वं. उद्या गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

दोघींनी बोकड उचलून काट्यावर ठेवला. इकडे बैलजोडी सुसाट सुटली.

धम्मदीपाने चटकन कंट्रोलर हातात धरला आणि दांडी ढकलत असल्याचं तोंड केलं. बोकड चुळबुळला, बैल अडखळले. बोकड सावरला, बैल पुन्हा उधळले.

"चाल किती जिवंत आहे," मॅडम म्हणाल्या. "अगदी खऱ्या जनावरासारखी."

आता तिच्या डोक्यात उजेड पडला. कोडमध्ये तिनेच लिहिलं होतं : जो पहिला कंट्रोलर सापडेल, तोच घे. या शहाण्या लायब्ररीने काट्यालाच कंट्रोलर आणि त्यावरच्या वजनाला दांडीचा जोर मानलं होतं. काटा दोन वर्षांपासून जोडलेला, त्यामुळे पहिला मान त्याचा. तिचा खरा कंट्रोलर रांगेत दुसरा उभा होता आणि त्याला कोणी विचारत नव्हतं. एक ओळ बदलली की काम झालं असतं, पण मॅडमसमोर गेम बंद करायची तिची छाती होईना. शिवाय बैल पळत होते.

"आता शर्यत संपवा," मॅडम म्हणाल्या.

शेवटच्या दौडीला जोर हवा होता. धम्मदीपा दबक्या आवाजात म्हणाली, "आई, काट्यावर पाय ठेव."

रत्नमालेचा चेहरा उतरला. "बावीस वर्षांत काट्यावर पाय ठेवला नाई मी. अन् आता गिऱ्हाइकासमोर ठेवू?"

"ठेव, ठेव," भागिरथामावशी खुशीत म्हणाली. "बोकड मलेच इकाचा हाय, भरू दे जास्त."

आईने डोळे मिटून पाय ठेवला. बैल वाऱ्यावर स्वार झाले. पण शेजारी आलेला पाय बोकडाला रुचला नाही. त्याने थेट टेबलावर उडी घेतली. काट्यावरचा भार गेला तशी जोडी रेषेच्या वीतभर अलीकडे थांबली, आणि मॅडमच्या पडद्यावर एक दाढीवालं तोंड आलं.

"हे कोण?"

"मॅडम," धम्मदीपा म्हणाली, "कंट्रोलर."

मग तिने सगळं खरं सांगून टाकलं. मॅडम इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आम्ही कळवतो," म्हणाल्या आणि गेल्या. 'कळवतो'चा अर्थ दुकानातल्या सगळ्यांना ठाऊक होता. धम्मदीपाला रडूच आलं.

"ते जाऊ दे," भागिरथामावशी म्हणाली, "बोकड किती भरला?"

कोणी पाहिलंच नव्हतं.

सोमवारी धम्मदीपा काउंटरवर साखरेच्या पुड्या बांधत असताना मेल आला. गेम नापास. पण दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका शोधायच्या विभागात तिला घेतलं होतं. तिने तो मेल मोठ्याने वाचला.

रत्नमालेने डाळ निवडता निवडता नीट ऐकून घेतलं. "म्हंजे दिवसभर लोकाइच्या कामात खोड्या काढाच्या?"

"हो."

"अन् त्याचा पगार देतात?"

"हो, आई."

आईने डाळीतला एक खडा काढून फेकला. मग म्हणाली, "एवढी वर्षं मह्या घरी हेच फुकट करून राह्यली ना वं तू."