आईचा रेशमी झगा

म्युझियममधला झगा मालिनीच्या अंगात चढला तो सहज; निघेना मात्र काही केल्या.

१९६१चा नोव्हेंबर होता. नवरा भास्कर जर्मनीत गार्चिंगला अणुभट्टीवर पीएच.डी. करत होता आणि मालिनी जवळच्या गावातल्या छोट्या म्युझियममध्ये जुने कपडे रफू करायला जाई. व्हिक्टोरिया राणीच्या काळात एक इंग्रज नवरी हा जांभळा झगा घेऊन त्या गावात नांदायला आली होती. त्याच्या कमरेत एकही पुतळा मावेना. नवा पुतळा करवायचा तर मापं हवीत, म्हणून क्युरेटर फ्राऊ लेंत्स यांनी तो किडकिडीत मालिनीला चढवला. मापं झाली आणि पाठीवरचा गंजलेला हूक अडकला. ओढावं तर ऐंशी वर्षांचं रेशीम फाटणार. फ्राऊ लेंत्स पक्कड शोधायला तळघरात गेल्या. कुणी आलंच तर पुतळ्यासारखं उभं राहायचं, नाहीतर दोघींची नोकरी जाईल, असं बजावून गेल्या.

श्वास घेतला की रेशीम सळसळे. श्वास रोखला तरी क्षणभर सळसळत राही. मालिनीनं मनात रामरक्षा सुरू केली. तेवढ्यात काळ्या कपड्यांतली एक म्हातारी आत आली. लाकडी जमिनीवर तिच्या पावलांचा जरासुद्धा आवाज नव्हता. मालिनी पुढचा श्लोक विसरली.

म्हातारी अगदी जवळ आली. बर्फासारखं बोट तिनं मालिनीच्या कुंकवावर टेकवलं आणि लाल झालेल्या बोटाकडे पाहत राहिली.

"आई, घोड्यावरून पडलीस त्याला सत्तर वर्षं झाली," ती हळूच म्हणाली. "अजून रक्त येतंय?"

तिनं रुमालानं कुंकू पुसलं आणि मालिनीच्या खांद्यावर डोकं टेकलं. रेशीम चुरगळेल म्हणून आई कधी जवळ घेत नसे, असं काहीसं पुटपुटली. मालिनीचा हात आपोआप उठला आणि तिच्या पाठीवरून फिरला. पाठ उबदार होती. म्हातारी दचकली नाही. आली तशीच निघून गेली.

फ्राऊ लेंत्स यांनी परत येऊन पकडीनं हूक काढला आणि मालिनीकडून सगळं ऐकून घेतलं. जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून प्रत्येकाला बुटांवर मऊ फेल्टचे जोडे घालायला देतात, म्हणून आवाज नसणार, असं त्यांनी समजावलं. मालिनीनं कपडे बदलले आणि दोघी खरं सांगायला निघाल्या. म्हातारी दाराशी ते जोडेच काढत बसली होती. मालिनी ओव्हरकोटांच्या आड थांबली.

"आत आई भेटली," फ्राऊ लेंत्स यांना पाहून म्हातारी म्हणाली. "जखम मी पुसली. पण आई फार काळवंडली हो. पाद्री तर म्हणाले होते, ती स्वर्गात गेली."

फ्राऊ लेंत्स यांना खरं सांगवेना.

"स्वर्ग दक्षिणेला असतो," त्या म्हणाल्या. "तिकडे ऊन फार."

म्हातारीचा चेहरा निवळला. दक्षिण ही यमाची दिशा, हे मालिनीनं दोघींनाही सांगितलं नाही.